शनिवारची चोरी, सोमवारची चोरी



स्मृतिव्याख्यानाला संत, साहित्य, शेती, शिक्षण असे विषय शोभतात. मी चोरीवर बोलणार आहे. ‘हॅक झालं’ हे दोन शब्द आता खान्देशातल्या आपल्या सावद्याच्या ओट्यावरही ऐकू येतात. कोणाचं व्हॉट्सॲप जातं, कोणाचं फेसबुक, कोणाच्या खात्यातली केळीची पट्टी. चोरी होऊ नये म्हणून काय करावं, हे बँकेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. झाल्यावर काय करावं, हे फारसं कोणी सांगत नाही. आजचा तास मी त्यासाठी घेणार आहे, आणि सुरुवात पुण्यापासून करतो.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली, पुण्यात मुख्यालय असलेली सहकारी बँक. त्या दिवशी दुपारनंतरच्या काही तासांत जगातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून तिच्या नावावर पैसे निघाले. १२ हजारांवर व्यवहार, ७८ कोटी रुपये. त्याच वेळी देशातल्या एटीएममधून रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहारांत आणखी अडीच कोटी गेले. त्यातली काही यंत्रं आपल्या कोल्हापुरातली होती. मग रविवार गेला. सोमवारी, १३ ऑगस्टला, परदेशी पैसे पाठवण्याच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे कसं झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र विचारतं, या माणसाच्या खात्यात पैसे आहेत का? हा प्रश्न ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेतून बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत जातो आणि तिथून हो किंवा नाही येतं. चोरांनी बँकेच्या जाळ्यात मालवेअर घुसवलं आणि मध्येच एक खोटा स्विच उभा केला. प्रश्न मुख्य संगणकापर्यंत पोचलाच नाही. खोटा स्विच परस्पर ‘द्या’ म्हणत राहिला. त्यामुळे एकाही ठेवीदाराच्या खात्यातून रुपया कमी झाला नाही, असं बँकेनं जाहीर केलं. नुकसान बँकेचं झालं.

मला या प्रकरणात ९४ कोटींपेक्षा मधला रविवार जास्त महत्त्वाचा वाटतो. शनिवारी एटीएमची चोरी उघडकीला आली. एक दार दिसलं, ते बंद करायची धावपळ झाली. पण चोर घरातच होता आणि दुसऱ्या दाराची किल्ली त्याच्या खिशात होती. मोठ्या बँकेचं जे झालं, तेच आपल्या घरातल्या पाच इंची फोनचं होतं. हॅकिंगनंतरची बहुतेक हानी पहिल्या चोरीत होत नाही. पहिली चोरी दिसल्यावर, ‘मिटलं एकदाचं’ असं आपण समजतो, त्यानंतर होते.

घरातलं उदाहरण घेऊ. रावेरला राहणाऱ्या मामाच्या व्हॉट्सॲपवरून मेसेज येतो, ‘भाऊ, दवाखान्यात आहे, दहा हजार टाक, सकाळी देतो.’ मामाला फोन केल्यावर कळतं, त्यांनी कोणालाच काही पाठवलेलं नाही. आदल्या दिवशी त्यांनी कोणाला तरी सहा आकडी कोड वाचून दाखवला होता. आता मामांनी काय करायचं? आपल्याच फोनवर ॲप पुन्हा टाकायचं, आपला नंबर घालायचा, एसएमएसनं येणारा नवा कोड भरायचा. तो भरला की चोराच्या हातातलं व्हॉट्सॲप बाहेर पडतं. चोरानं दरम्यान दोन टप्प्यांची पिन लावून ठेवली असेल तर मामांना सात दिवस थांबावं लागतं. पण कोड भरला गेला असेल तर त्या सात दिवसांत चोरालाही आत बसता येत नाही. हे ऐकूनच अर्ध्या लोकांचा जीव भांड्यात पडतो.

इथेच मामा थांबतात आणि सोमवार उजाडतो. ‘लिंक केलेली उपकरणं’ कोणी उघडून पाहत नाही, तिथे एखादा अनोळखी संगणक जोडलेला असू शकतो. आपले फोन दुसऱ्याच नंबरवर वळवून ठेवलेले आहेत का, हे कोणी तपासत नाही. कोड एसएमएसनं मिळाला नाही तर व्हॉट्सॲप तो फोन करून वाचून दाखवतं, आणि फोन वळवलेला असला तर तो चोराच्या कानावर पडतो. हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश असं डायल केलं की सगळे वळवलेले कॉल रद्द होतात. हे एवढं वाक्य घरी जाऊन आईच्या फोनच्या कव्हरमागे चिकटवून ठेवा.

आणि ईमेल. शेतकरी माणूस म्हणतो, मी कुठे ईमेल वापरतो? पण अँड्रॉइड फोन घेताना दुकानातल्या पोरानं गूगलचं एक खातं उघडून दिलेलं असतं. फोटो, नातेवाइकांचे नंबर, कधी कधी पासवर्डसुद्धा त्याच खात्यात साठत जातात. इतर खात्यांचा पासवर्ड विसरल्यावर नवा करायची चिठ्ठी तिथेच येते. म्हणून क्रम उलटा हवा. खातं फेसबुकचं गेलं असलं तरी आधी ईमेल ताब्यात घ्यायचं, कारण चोर त्याच वाटेनं बाकीच्या दारांकडे जातो. ज्या फोनवरून आणि ज्या गावातून आपण नेहमी ते वापरतो, तिथूनच परत मिळवायचा प्रयत्न करावा. ओळखीचा फोन, ओळखीची जागा यावर गूगल जास्त भरवसा ठेवतं. पुण्यात शिकणाऱ्या मुलाला तिकडून करायला सांगू नका.

ईमेल हाती आलं की पासवर्ड बदलून उठायचं नाही. चोर जाताना तीन गोष्टी मागे ठेवून जातो. एक, खातं परत मिळवण्यासाठीचा त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर. दोन, येणाऱ्या पत्रांची प्रत त्याच्याकडे जात राहील असा नियम, ‘फॉरवर्डिंग’ किंवा ‘फिल्टर’ या नावाखाली. तीन, खातं वापरायची परवानगी दिलेलं एखादं ॲप. पासवर्ड बदलूनही हे तिन्ही जागेवर राहू शकतात. नियम आणि परवानग्या पुसायच्या, नंबर आपला घालायचा, सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडायचं, दोन टप्प्यांची पडताळणी लावायची. तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथेही बदलायचा. आणि आपण बहुतेक जण तो सगळीकडे एकच वापरतो, बहुधा मुलीचं नाव आणि तिचं जन्मवर्ष.

सध्या आपल्याकडे जास्त धोक्याची आहे ती एपीके फाइल. लग्नसराईत पत्रिका व्हॉट्सॲपवर येतात. फोटो असेल, पीडीएफ असेल तर ठीक. पण ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल एपीके असली तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. पीएम किसानच्या हप्त्याच्या, वाहनाच्या ई-चलनाच्या नावानंही अशा फाइली फिरतात. ते ॲप फोनमध्ये बसलं की एसएमएस वाचतं आणि बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. अशा वेळी त्याच फोनवरून पासवर्ड बदलणं म्हणजे नवा पासवर्डही त्याच्या हाती देण्यासारखं. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय बंद असल्याची खात्री करा. मग शेजाऱ्याचा फोन घ्या, त्यावरून बँकेला सांगा, पासवर्ड बदला. आपला फोन पुरावा जपून, म्हणजे त्या फाइलीचे, मेसेजचे, नंबरचे फोटो दुसऱ्या फोननं काढून, नंतर पूर्ण रिकामा करून घ्या. नुसतं ॲप काढून टाकण्यावर मी तरी विसंबणार नाही. संगणकाची गोष्ट असेल तर सर्ट-इन ही केंद्राची संस्था २०१७ पासून ‘सायबर स्वच्छता केंद्र’ चालवते. तिथे सफाईची साधनं फुकट मिळतात.

आता चाहूल कशी लागते, याबद्दल थोडं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेले. मागणी जवळजवळ ९५ कोटी डॉलरची होती. चोरीनंतरच्या शुक्रवारी सकाळी कर्मचाऱ्यांना दिसलं ते एवढंच, की व्यवहारांचे कागद छापणारा प्रिंटर बंद आहे. प्रिंटर बिघडतातच, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. तो चोरांनी मुद्दाम बंद पाडला होता. ढाक्यात शुक्रवारची सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, मनिलात सोमवारी चिनी नववर्ष, असं गणित मांडून ते आले होते. आपल्याकडे हेच फोनच्या रेंजचं होतं. सावद्यात रेंज गेली की आपण टॉवरच्या नावानं बोटं मोडतो आणि झोपतो. पण शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे आणि आपल्याला दोन तास नाही, असं असेल तर आपल्या नंबरचं दुसरं सिम कोणीतरी काढलेलं असू शकतं. तिथे सकाळची वाट पाहू नये.

पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० वर. बँकेत जाऊन साहेब भेटतील का पाहू, हे नंतर. १९३० वर तक्रार नोंदली की ती बँकांना जोडलेल्या एका यंत्रणेत पडते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे अडवता येतात, ते तिथे असेपर्यंत. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. एकातून पाचात, पाचातून पंचवीसात, मग एटीएममधून रोख. हा खेळ तासांचा आहे. फोन लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर लिहून द्या. त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच घ्यायचं मी खान्देशात वेगळं सांगायला नको. भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत ज्यांच्या ठेवी अडकल्या, त्यांनी कागदाची किंमत चांगलीच मोजली आहे.

या पोचेचा कायद्यात उपयोग आहे. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला व्यापारी बँकांसाठी आणि १४ डिसेंबर २०१७ ला सहकारी बँकांसाठी परिपत्रक काढलं. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, चोरानं मधूनच मारलं, आणि ग्राहकानं बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाचीच चूक होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर.

आणि आपणच ओटीपी दिला असेल तर? मग कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. पण कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. म्हणजे मूर्खपणा झाल्यावरही प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. ‘माझीच चूक आहे, आता कोणत्या तोंडानं जाऊ’ असं म्हणून घरी बसणारा माणूस आपल्या हक्कावर स्वतःच पाणी सोडतो.

पुण्याचंच आणखी एक प्रकरण सांगतो. वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी. खोट्या ईमेलला उत्तर दिल्यावर तिच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. माहिती तिच्या माणसानंच दिली होती. तरीही माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ मध्ये बँकेला ४५ लाख भरपाई द्यायला सांगितली. ग्राहकाचा वाटा धरला, पण चोरांची खोटी खाती पुरेशी तपासणी न करता उघडली गेली, ही बँकेची हयगय मोठी मानली. या कायद्याच्या ४६ व्या कलमाखाली पाच कोटींपर्यंतचा दावा या सचिवापुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतो, दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या न झिजवता. हे पद राज्यात आहे हे आपल्याकडच्या किती वकिलांना ठाऊक आहे, कोण जाणे.

व्यापारी बंधूंना एक स्वतंत्र सूचना. तुमच्याकडे दिल्ली, पंजाबकडून केळीचे पैसे येतात. चोरीचे पैसे फिरत फिरत एखाद्या खरेदीदाराकडून तुमच्या खात्यात आले तर तक्रारीच्या साखळीत तुमचंही खातं अडवलं जाऊ शकतं. वर्षभराचा धंदा, मजुरांचा हप्ता, सगळं थांबतं. रागावून उपयोग नाही. कोणत्या राज्यातल्या कोणत्या तक्रारीवरून अडवलं, तो क्रमांक बँकेकडून लेखी घ्या. काट्याची पावती, गाडी नंबर, बिल, पट्टी त्या पोलीस ठाण्याला पाठवा. फक्त वादातली रक्कम अडवावी आणि बाकी खातं मोकळं करावं, असं लेखी मागा. कच्च्या चिठ्ठीवर माल पाठवणाऱ्यांना इथे अवघड जाईल, आणि ती अडचण हॅकरनं आणलेली नाही.

आता लाजेकडे येतो. आजच्या बोलण्यात मला खरं सांगायचं आहे ते हेच. तुमच्या केळीत सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला तेव्हा तुम्ही काय केलंत? पानांवर पिवळे पट्टे दिसले की ते झाड मुळासकट उपटलं. बांधावर टाकलं नाही, लांब नेऊन पुरलं, कारण मावा तिथून शेजारच्या बागेत जातो. शेजाऱ्याला सांगितलंत, तुझीही पाहून घे. ज्यानं लपवलं त्याची बाग गेलीच, बांधापलीकडचीही गेली. रोग आला म्हणून त्या शेतकऱ्याला कोणी मूर्ख म्हटलं नाही. मग फोन हॅक झालेल्या माणसाला आपण का हसतो? एका घराचं व्हॉट्सॲप गेलं की चोराच्या हाती शेदोनशे नातेवाइकांची यादी येते. पहिल्या पंधरा मिनिटांत भाऊबंदांच्या ग्रुपवर ‘माझं गेलंय, पैसे टाकू नका, फाइल उघडू नका’ एवढा निरोप दुसऱ्याच्या फोनवरून टाकला तर पुढची दहा घरं वाचतात. सासरच्या ग्रुपवर टाकायला जास्त धीर लागतो, मान्य आहे.

कंपन्याही लपवतात. म्हणून सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात त्यांना असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक केलं. कॉसमॉसबद्दल टीका करण्यासारखं पुष्कळ आहे. पण तिनं चतुःशृंगी पोलीस ठाण्यात फिर्याद दिली, लोकांसमोर येऊन आकडे सांगितले, काही दिवस एटीएम आणि नेटबँकिंग बंद ठेवायची नाचक्की पत्करली. हाँगकाँगला गेलेल्या पैशांतले पावणेसहा कोटींच्या आसपास पुढे परत आले. कारण ते कुठे गेले हे वेळेवर सांगितलं गेलं आणि पाठपुरावा झाला. एटीएममधून रोख निघालेलं परदेशात जिरलं.

तयारीचं एकच उदाहरण देतो, कारण ते मला फार आवडतं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले. आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचंही काम अडलं. संगणकांच्या जाळ्याची मुख्य वही, म्हणजे कोण कर्मचारी, कोणाला कोणती परवानगी, ती जगभरच्या सगळ्या ठिकाणी पुसली गेली होती. एकच प्रत शाबूत सापडली, आफ्रिकेत घानामध्ये. तिथे हल्ल्याच्या वेळी वीज गेलेली होती. लोडशेडिंगचे असे उपकार खान्देशावर अजून व्हायचे आहेत. तोवर फोटो आणि हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन, तो पेनड्राइव्ह संगणकातून काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेला पेनड्राइव्हही सोबतच पुसला जातो.

कॉसमॉसच्या खटल्यात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना शिक्षा सुनावली. खोटी कार्डं घेऊन एटीएमपुढे उभी राहणारी ही माणसं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानं २०१९ मध्ये या चोरीबाबत उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं, पण तिकडून कोणी पुण्याच्या कोठडीत आलं नाही. तुरुंगात गेले ते वाटा घेऊन काम करणारे. कॉलेजातल्या पोरांनी हे नीट ऐकावं. ‘तुझं खातं दे, महिन्याला पाच हजार देतो, एटीएम कार्ड आणि सिम फक्त आमच्याकडे राहील’ असं सांगणारे आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत. चोरीच्या साखळीत पोलिसांच्या हाताला पहिलं नाव त्या खातेदाराचंच लागतं.

शेवटी, पतसंस्थांचे सभासद इथे बरेच असतील. वर सांगितलेली रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं बँकांसाठी आहेत, पतसंस्थांना ती लागू नाहीत. तुमच्या संस्थेनं मोबाइल ॲप दिलं असेल, क्यूआर कोड दिला असेल, तर तिथे पैसे गेल्यावर जबाबदारी कोणाची, हे तुमच्या संस्थेनं ठरवलेलंच नसण्याची शक्यता आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. लाभांशावर आणि जेवणावर चर्चा होईलच. त्याआधी तीन गोष्टी विचारा. शनिवारी संध्याकाळी सात वाजता माझं खातं थांबवायचं असेल तर कोणत्या नंबरवर फोन करू? तो फोन उचलणाऱ्या माणसाला खातं थांबवायचा अधिकार आहे की तो सोमवारी साहेबांना विचारणार? आणि संस्थेच्या संगणकाची प्रत कुठे ठेवली आहे, ती शेवटची कधी उघडून पाहिली? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्या शनिवारी रात्री नंबर लावून पाहा.